मध खाणारा

पोलिश भाषेत अस्वलाला 'न्येज्व्येच' म्हणतात. उच्चारताना जीभ दोनदा अडखळते. पण जुन्या पोलिशमध्ये या शब्दाच्या सुरुवातीला 'न' नव्हता, 'म' होता. रशियन शब्द आजही 'मेद्व्येद'च आहे. आता फोड करून बघा. 'मेदु' म्हणजे मध, आणि 'एद' म्हणजे खाणे, आपला 'अद्' धातू. मधला 'व' कुठून आला? मधु + अद = मध्वद. अहो, हा तर आपला यण् संधी! ऋग्वेदात 'मध्वद' हा शब्द आहेच. तिथे तो पक्ष्यांसाठी आलाय एवढंच.

मग अस्वलाचं मूळ नाव काय होतं? ते आपण सांभाळलं: ऋक्ष. ग्रीक 'आर्क्तोस' आणि लॅटिन 'उर्सुस' ही त्याचीच भावंडं. हिंदीतला 'रीछ'ही त्यातूनच आला. स्लाव लोकांच्या भाषांतून मात्र हा शब्द साफ पुसला गेला. अभ्यासक कारण देतात भीतीचं. घनदाट जंगलात राहणाऱ्याने अस्वलाचं नाव घेतलं की ते येणार! म्हणून नुसतं 'तो मध खाणारा' म्हणायचं. आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणतात ना, तसंच. फरक इतकाच की आपला 'साप' टिकला, त्यांचं खरं नाव कायमचं गेलं. पिढ्यान्पिढ्या न उच्चारलेला शब्द शेवटी कोणालाच आठवेनासा होतो, हे मला भीतीपेक्षाही जास्त चटका लावणारं वाटतं.

आकाशातही हा प्राणी आहे. पोलिश लोक ज्याला 'मोठी अस्वलीण' म्हणतात ते आपले सप्तर्षी. शतपथ ब्राह्मण सांगतं की सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत.

आणखी एक गंमत. भलं करायला जाऊन वाटोळं करणाऱ्या मदतीला पोलिशमध्ये 'अस्वलाचा उपकार' म्हणतात. हे आलं फ्रेंच ला फाँतेनच्या गोष्टीतून (१६७८). झोपलेल्या मित्राच्या नाकावरची माशी मारायला अस्वल धोंडा घालतं आणि मित्रच दगावतो. ओळखीची वाटली ना? पंचतंत्रात माकड आणि राजा आहेत, धोंड्याऐवजी तलवार आहे. त्या संग्रहातल्या बहुतेक गोष्टींसाठी आपण पिल्पे नावाच्या हिंदुस्थानी ज्ञानी माणसाचे ऋणी आहोत, असं ला फाँतेनने स्वतःच लिहून ठेवलंय.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहिले. बरीचशी बायका-मुलंच. तिथल्या एखाद्या पोराने पंचगंगेकाठी 'मध' हा शब्द ऐकला असेल, तर त्याला तो फारसा परका वाटला नसावा. त्यांच्याकडे मधाला 'म्यूत' म्हणतात.