राणीच्या बागेतला अजबखाना

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात एखाद्या हयात चित्रकाराचे प्रदर्शन भरले, मागच्या अंगणात चित्रपट दाखवला गेला किंवा सुट्टीत मुलांची कार्यशाळा झाली, की जुन्या वस्तूंवर मनापासून प्रेम करणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी नाराज होतेच. संग्रहालयाने वस्तू जपाव्यात, अभ्यासकाला दाखवाव्यात. व्याख्याने, नाटके, मुलांचा गलबला हे सभागृहाचे आणि शाळेचे काम, असे त्यांचे म्हणणे असते. या म्हणण्यामागची काळजी खरी आहे. पण मुंबईच्या या सर्वांत जुन्या संग्रहालयाचा इतिहास पाहिला, तर जाहीर कार्यक्रम ही तिथे हल्ली शिरलेली गोष्ट दिसत नाही. ही संस्था एका प्रदर्शनातून जन्मली आणि एका जाहीर सभेतून उभी राहिली. माणसांची वर्दळ आटली तेव्हा तिथल्या वस्तूंचीही वाताहत झाली.

१८५१ साली लंडनला जागतिक प्रदर्शन भरले आणि १८५५ साली पॅरिसला. पॅरिसला पाठवण्यासाठी मुंबई इलाख्यातून कापड, धातुकाम, लाकूडकाम, शेतमाल आणि कारागिरीचे नमुने गोळा करण्यात आले. एकेका वस्तूच्या दोन प्रती घेऊन एक परदेशी धाडावी आणि दुसरी इथेच ठेवावी, अशी योजना झाली. त्या मागे राहिलेल्या प्रतींतून गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत कोटातल्या टाउन बराकीत संग्रहालय सुरू झाले. ते सरकारी होते, आणि सरकारी मर्जीवर उभी असलेली गोष्ट किती टिकते हे लगेच दिसले. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला बराकी हव्या झाल्या, वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच नासल्या. उरलेला पसारा ग्रँट मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी सांभाळला. पुढचे पाऊल महत्त्वाचे आहे. १८५८ च्या डिसेंबरात मुंबईत जाहीर सभा झाली आणि संग्रहालय व बाग लोकवर्गणीतून उभारण्याचे ठरले. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी या कामात पुढे होते. भाऊ दाजी गोव्यातून आलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, नाणी, शिलालेख आणि हस्तलिखिते यांचे गाढे अभ्यासक. बराकीतून बाहेर फेकल्या गेलेल्या वस्तूंना नवे घर मिळवून दिले ते शहरातल्या माणसांनी.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. ही कसली लोकवर्गणी? पैसे देणारे शेटिये होते, निमित्त राणी व्हिक्टोरियाच्या नावाचे होते, सभेतली भाषा इंग्रजी होती आणि गिरणीत खपणाऱ्याला किंवा कोळणीला त्या सभेत जागा नव्हती. हे सगळे मान्य करायला हवे. मात्र इमारत कुठे उभी राहिली, याकडे या आक्षेपात कोणी पाहत नाही. ती कोटाच्या आत झाली नाही. भायखळ्याला, झाडाझुडपांच्या बागेत झाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी पायाभरणी केली आणि लेडी फ्रिअर यांनी बाग खुली केली. पुढे अमेरिकेतली यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले, १८६५ मध्ये मुंबईचा शेअर बाजार बुडाला आणि वर्गणीचा ओघ थांबला. नाना शंकरशेट त्याच वर्षी ३१ जुलैला वारले. पुरी झालेली इमारत त्यांना पाहता आली नाही. अखेर सरकारी पैशाची जोड मिळून २ मे १८७२ रोजी संग्रहालयाचे दार उघडले. तोवर आजूबाजूला गिरण्यांची धुराडी उठू लागली होती. भायखळा, लालबाग, परळ, चिंचपोकळी हा पट्टा गिरणगाव झाला आणि कामगाराच्या सुट्टीची जागा म्हणजे हीच राणीची बाग. जनावरे पाहून झाली की पोरेबाळे घेऊन अजबखान्यात, म्हणजे या संग्रहालयात, डोकावायचे, हा तिथला क्रम. ज्या सभेत त्याला जागा नव्हती, त्या सभेने उभारलेल्या इमारतीत कामगार आपल्या पायांनी आला. एखाद्या ठरावाने हे साधले असते असे मला वाटत नाही. ते बागेने साधले.

आत त्याला दिसे ते काय? दालनाच्या मध्यभागी प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा, भायखळ्यातच राहणाऱ्या बगदादी यहुदी डेव्हिड ससून यांनी दिलेला. भोवती चांदीची आणि तांब्याची भांडी, हस्तिदंती काम, नकाशे, आणि मातीच्या छोट्या बाहुल्यांतून घडवलेले इथल्या जातीजमातींचे, धंद्यांचे, खेळांचे देखावे. माणसांचे असे नमुने मांडणे ही साम्राज्याची नजर होती. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांची मोजदाद करून काचेत ठेवणे हा त्यामागचा हेतू. अभ्यासकांनी हे दाखवून दिले आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हेतू मांडणाऱ्याचा असतो, पाहणे पाहणाऱ्याचे. डोक्यावरच्या पागोट्यावरून जात, गाव आणि धंदा ओळखणाऱ्या शहरात ज्या माणसाचा नमुना काचेआड होता, तोच माणूस काचेबाहेर उभा राही. आपले पागोटे बरोबर बांधलेय की नाही, हे त्याला बर्डवुडपेक्षा नक्कीच जास्त कळत असणार. संग्रहालयाने पुढे कार्यक्रमांतून ज्या संवादाचा प्रयत्न केला, त्याची शक्यता या काचेपाशीच होती. त्या माणसाचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही, ही त्या काळातली मोठी उणीव.

विसाव्या शतकात या वास्तूला उतरती कळा लागली. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम लोकांना खुले झाले आणि शहराचे लक्ष, प्रतिष्ठा दोन्ही दक्षिणेकडे सरकले. १ नोव्हेंबर १९७५ रोजी संग्रहालयावरचे राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचे नाव उतरवून भाऊ दाजींचे नाव दिले गेले. नाव बदलले तरी छत गळतच होते. वस्तू जपायच्या तर गर्दी टाळावी, असे म्हणणाऱ्यांनी हा काळ पाहावा. तेव्हा तिथे ना व्याख्याने होती, ना चित्रपट. वस्तू खराब झाल्या त्या ओलीने, धुळीने आणि दुर्लक्षाने. ज्या वास्तूची कोणाला आठवण होत नाही तिच्या छपरासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, इतका हा सरळ हिशेब आहे. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला, वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली वास्तूचे जतन झाले, २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या आरंभी दार पुन्हा उघडले. गर्दी आणि जतन यांत तोल राखावा लागतो, हे खरेच. उजेड, दमटपणा, हाताळणी यांचे नियम मोडून कोणताही सोहळा होता कामा नये. पण तो तोल राखण्यासाठी आधी दारात माणसे हवीत.

पुन्हा उघडल्यावर संग्रहालयाने जिवंत कलावंतांना बोलावले आणि जुन्या संग्रहाशी बोलायला सांगितले. जितीश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अतुल दोडिया यांची प्रदर्शने झाली. मला यांतले सर्वांत नेमके वाटते ते २०१३ मधले रीना कल्लाट यांचे काम. संग्रहालयाच्या दर्शनी भागावर त्यांनी रबरी शिक्क्यांचे भलेमोठे कोळ्याचे जाळे टांगले. शिक्क्यांवर मुंबईतल्या रस्त्यांची बदललेली, जुनी नावे. जिचे स्वतःचे नाव पुसून नवे दिले गेले आहे अशा इमारतीवर ते जाळे लटकत होते, बागेत येणाऱ्या कोणालाही संग्रहालयाच्या तिकिटाशिवाय दिसत होते. शहराचा इतिहास शहरालाच परत वाचायला देणे याहून वेगळे काय असते? तरीही असे कार्यक्रम इंग्रजी जाणणाऱ्या, गाडीने येणाऱ्या मूठभरांसाठी होतात, ही तक्रार उरतेच आणि ती मी झटकून टाकणार नाही. रिकाम्या गिरण्यांच्या जागी मनोरे उठलेल्या परिसरात ती आणखी बोचते. १९८२ च्या गिरणी संपानंतर देशोधडीला लागलेल्या घरांतली नातवंडे बागेत पेंग्विन पाहायला येतात. ती काही पावलांवरच्या या दारातून आत येतात की नाही, ही खरी कसोटी. स्वस्त तिकीट आणि मराठीतूनही फुकट मार्गदर्शन, अशा गोष्टी मला म्हणूनच कोणत्याही उद्घाटन समारंभापेक्षा मोलाच्या वाटतात. मराठीत समजावून सांगणारा माणूस दारात उभा असेल तर चित्रकाराचे अवघड कामही परके राहत नाही. तो नसेल तर मातीची बाहुलीसुद्धा परकी होते.

इमारतीबाहेर झाडांच्या सावलीत घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो फुटला, त्याचे तुकडे या बागेत येऊन पडले आणि १९१४ मध्ये ते जोडून त्याला पुन्हा उभे केले. परक्यांच्या जिभेवरचे एलिफंटा हे त्या बेटाचे नाव याच हत्तीवरून पडले. सांध्यांच्या रेषा अजून दिसतात, आणि बागेत येणारी मुले आधी त्याच्यापाशीच थांबतात.