सुटे भाग आणि काटकसरीची विद्या

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं वडील मंडळी नाक मुरडतील. घरांतील मूल खेळासाठीं संगणक मागतें. तयार यंत्र परवडत नाहीं. तेव्हां सुटे भाग आणून तें घरींच जुळवावें असा प्रस्ताव पुढें येतो. आणि मग प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड अशा अपरिचित नांवांची एक लांबलचक यादी वडिलांच्या हातांत पडते. कोणत्या भागावर किती पैसा घालावा, हा प्रश्न वरवर पाहतां बाजाराचा आहे. परंतु त्याचें उत्तर दुकानांतील पाटीपेक्षां गेल्या कांहीं दशकांच्या इतिहासांत अधिक चांगलें मिळतें. तो इतिहास थोडक्यांत सांगण्याचें आज योजिलें आहे.

प्रथम हें पाहूं कीं, भाग निवडण्याचा अधिकार ग्राहकाच्या हातीं आला कसा. १९७५ सालीं अमेरिकेंत 'अल्टेअर ८८००' नांवाचा संगणक सुट्या भागांच्या संचाच्या रूपानें विकला जाऊं लागला. परंतु तो जुळविण्यास डाख देण्याची कला अवगत असावी लागे. तें काम छांदिष्टांचें होतें, सामान्य गृहस्थाचें नव्हे. खरा पालट झाला तो १२ ऑगस्ट १९८१ रोजीं. त्या दिवशीं आय.बी.एम. या बलाढ्य कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. बाजारांत त्वरित उतरावयाचें म्हणून फ्लॉरिडांतील बोका रॅटन येथें डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालील मंडळींनीं तयार भाग बाहेरून घेण्याचा मार्ग पत्करिला. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि नवीं कार्डें बसविण्यास मदरबोर्डावर पांच खांचा. इतकेंच नव्हे, तर यंत्राचे विद्युत्-आराखडेहि पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. अगदीं साध्या यंत्राची किंमत १,५६५ डॉलर होती, आणि त्यांत स्मृति अवघी १६ किलोबाइट!

यंत्र सुरू होतांच प्रथम चालणारी 'बायॉस' नांवाची आज्ञावली मात्र स्वामित्वहक्कानें बांधलेली होती. कॉम्पॅक कंपनीच्या अभियंत्यांनीं तिची नक्कल न करितां, ती काय काम करते एवढेंच ध्यानांत घेऊन, तेंच काम करणारी नवी आज्ञावली लिहिली आणि १९८३ सालीं आपला संगणक विक्रीस आणिला. पुढच्या वर्षीं फीनिक्स कंपनीनें अशीच बायॉस तयार करून ती इतर कारखानदारांस देण्यास आरंभ केला. १९९५ सालीं इंटेलनें 'ए.टी.एक्स.' हें प्रमाण प्रसिद्ध केलें. मदरबोर्डाची लांबीरुंदी, स्क्रूंच्या भोंकांच्या जागा, वीज पुरविणाऱ्या जोडाचा आकार, हें सर्व त्यांत ठरवून दिलें होतें. यामुळें एका कारखान्याच्या पेटींत दुसऱ्याचा बोर्ड आणि तिसऱ्याचें कार्ड बिनबोभाट बसूं लागलें. पुढें १९९७ सालीं भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारांत सामील झाला, आणि संगणकाच्या भागांवरील आयात-जकात २००५ पर्यंत टप्प्याटप्प्यानें उतरली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आतांच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत यादी हातांत घेऊन भाव विचारणारा गृहस्थ दिसतो, त्याच्या मागें एवढा इतिहास उभा आहे.

परंतु अधिकार आला म्हणजे विवेक आपोआप येतो असें नाहीं. १९९६ च्या सुमारास सायरिक्स कंपनीचा '६-एक्स-८६' हा प्रोसेसर बाजारांत होता. पत्रें लिहिणें, हिशेब मांडणें अशा कचेरीच्या कामांत तो इंटेलच्या महागड्या पेंटियमला हार जात नसे, आणि किंमत मात्र कमी. अनेकांनीं तो आनंदानें घेतला. त्याच वर्षीं जून महिन्यांत 'क्वेक' नांवाचा खेळ निघाला. त्यांतील दालनें व जिने खऱ्या तीन परिमाणांचे असून ते पडद्यावर उमटविण्यासाठीं अपूर्णांकांचीं असंख्य गणितें क्षणोक्षणीं करावीं लागत. पेंटियमची अपूर्णांकांतील गति उत्तम. सायरिक्सची तेथेंच उणी. जो प्रोसेसर कचेरींत हुषार, तोच खेळांत धापा टाकूं लागला. यंत्र चांगलें कीं वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या कामास चांगलें?' असें विचारल्यावांचून पैशाची पिशवी सोडूं नये.

दुसरें उदाहरण याच्या उलट आहे. २४ ऑगस्ट १९९८ रोजीं इंटेलनें दोन प्रोसेसर एकाच दिवशीं जाहीर केले. एक पेंटियम-२, गति ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक दर ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००-ए, गति ३०० मेगाहर्ट्झ, दर १४९ डॉलर. सेलेरॉनमध्यें जवळची जलद स्मृति थोडी, १२८ किलोबाइटच होती. परंतु ती प्रोसेसरच्याच गतीनें चाले. पेंटियम-२ ची ५१२ किलोबाइट स्मृति निम्म्या गतीनें चालत असे. आतां गणित पाहा. सेलेरॉन हा मदरबोर्डाच्या ६६ मेगाहर्ट्झ ठोक्याला साडेचारांनीं गुणून ३०० ची गति गांठी. तोच ठोका १०० वर नेला कीं साडेचारपट ४५० होतात! ॲबिट कंपनीच्या 'बीएच ६' या मदरबोर्डावर हा फेरफार पडद्यावरील यादींतून करितां येई. पुष्कळ नग हा वाढीव भार निमूटपणें सोशीत, आणि खेळांत चौपटीहून अधिक किमतीच्या भावंडाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहत. प्रत्येक नग असा निघेल याची हमी मात्र कोणीच देत नसे. जोखीम घेणाऱ्याची होती. परंतु किमतीची पाटी आणि वस्तूची योग्यता यांत केवढें अंतर असूं शकतें, हें त्या वर्षीं सर्वांस कळून चुकलें.

याच सुमारास आणखी एक पालट झाला. १९९६ सालीं थ्रीडीएफएक्स कंपनीचें 'व्हूडू' कार्ड निघालें आणि चित्र रंगविण्याचें कष्टाचें काम प्रोसेसरकडून निघून ग्राफिक्स कार्डाकडे जाऊं लागलें. तेव्हांपासून खेळाच्या संगणकांत बहुधा सर्वांत मोठा खर्च या कार्डाचा असतो. मग तें केवढें घ्यावें? येथें शाळेंतील साधा गुणाकार उपयोगी पडतो. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदास ६० चित्रें हवीं असतील, तर कार्डास दर सेकंदाला १२ कोटी ४४ लक्ष १६ हजार ठिपके रंगवावे लागतात. ३८४० गुणिले २१६० चा पडदा घेतला कीं हा भार बरोबर चौपट होतो. म्हणून आधीं पडदा ठरवावा, मग कार्ड, आणि त्या कार्डास खोळंबून ठेवणार नाहीं एवढाच प्रोसेसर. अतिशय महाग प्रोसेसराशेजारीं दुबळें कार्ड बसविणें म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कार्डापुरते पैसे नसले तर? १२ फेब्रुवारी २०१८ रोजीं ए.एम.डी. कंपनीनें 'रायझन ३ २२००-जी' हा ९९ डॉलरचा प्रोसेसर विक्रीस आणिला. चित्र रंगविणारा बऱ्यापैकीं समर्थ विभाग त्याच्या पोटांतच होता. वेगळें कार्ड न घेतांहि साधे खेळ खेळतां येत. मात्र या विभागास स्वतःची स्मृति नसल्यानें तो संगणकाच्या सामाईक स्मृतींतूनच घेई. तेथें ८ गिगाबाइटची एक पट्टी बसविण्यापेक्षां ४-४ च्या दोन पट्ट्या दोन वेगळ्या वाटांवर बसविल्या, तर स्मृतीकडे जाणारा रस्ता दुप्पट रुंद होई आणि खेळाची गति लक्षणीय वाढे. खर्चांत फारसा फरक नाहीं, फरक समजुतीचा.

काटकसर करूं नये असा भागहि इतिहासानें दाखविला आहे. तो म्हणजे पॉवर सप्लाय, वीज पुरविणारी पेटी. या शतकाच्या आरंभीं सदोष कपॅसिटर असलेले असंख्य मदरबोर्ड व पॉवर सप्लाय फुगून, गळून निकामी झाले. २००४ सालीं अमेरिकेंत '८० प्लस' ही कसोटी सुरू झाली. २०, ५० आणि १०० टक्के भारावर घेतलेल्या विजेपैकीं निदान ८० टक्के वीज पुढें पोंचविणाऱ्या पेटीस तो शिक्का मिळूं लागला. हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेची संपूर्ण हमी त्यांत नाहीं. तरीपण निनांवी पेटीवर छापलेल्या मोठ्या आंकड्यापेक्षां तो पुष्कळ बरा. जी वीज सर्व भागांच्या अंगांत खेळावयाची, तिच्या उगमींच दोनचारशें रुपये वांचविणें हें शहाणपण नव्हे.

आणि धीर धरण्याचेंहि मोल असतें. २०२० व २०२१ या दोन वर्षांत महामारीमुळें मागणी वाढली, चिप्सचा तुटवडा पडला, आणि इथेरियम हें आभासी चलन मिळविण्यासाठीं ग्राफिक्स कार्डें गठ्ठ्यांनीं उचललीं जाऊं लागलीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें ३२९ डॉलर या जाहीर किमतीस विक्रीस आलेलें 'आर.टी.एक्स. ३०६०' हें कार्ड त्या भावानें क्वचितच कोणाच्या हातीं पडलें. सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियमची पद्धत बदलली, कार्डांची ती मागणी आटली, आणि वापरलेलीं कार्डें बाजारांत लोटलीं. ज्यांनीं जुन्या यंत्रावर दिवस काढले, त्यांचे पैसे वांचले.

श्रोतेहो, या सर्व कथेंत मला एक भीतीहि दिसते. हल्लीं अनेक पातळ लॅपटॉपांत स्मृति बोर्डावर कायमचीच डाखलेली असते. एक भाग अपुरा पडला कीं सबंध यंत्र टाकावें, असा हा मार्ग आहे. १९८१ च्या त्या पांच खांचांनीं गृहस्थास जें दिलें तें एवढेंच कीं, यंत्र उघडावें, बिघडलेला भाग काढावा, ऐपतीप्रमाणें नवा बसवावा. हा अधिकार वापरणारे उरले नाहींत, तर तो देण्याची गरज कारखानदारांस कां वाटावी?

म्हणून पालकांस माझी एक विनंति आहे. मूल यादी घेऊन आलें, तर ती एकदम फेटाळूं नये आणि डोळे मिटून पैसेहि देऊं नयेत. प्रत्येक भागापुढें 'हाच कां?' याचें कारण त्याला दोन ओळींत लिहावयास सांगावें. ज्या भागापुढें कारण लिहितां येणार नाहीं, त्याचा खर्च तूर्त थांबवावा. हा कागद पुरा होईपर्यंत मूल जें शिकेल, तें यंत्र जुनें झाल्यावरहि त्याच्याजवळ राहील.