पोके : मजुरांच्या शिदोरीतून आलेली चव



“कच्चा मासा? आणि शिजवायचा कधी?” घरातल्या मोठ्यांचा हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. मुले मात्र ‘पोके’ करून मागतात. तेव्हा हा पदार्थ आला कुठून, ते आधी पाहू या.

हवाईच्या भाषेत ‘पोके’ म्हणजे आडवे तुकडे करणे. तिथले मूळ रहिवासी ताज्या माशाच्या तुकड्यांना समुद्री मीठ, समुद्रशेवाळ आणि भाजून कुटलेल्या कुकुईच्या बिया लावून खात. (कुकुई म्हणजे आपल्याकडचा जंगली अक्रोड.) पुढे तिथे उसाचे मळे वाढले आणि मजूर कमी पडू लागले. 1852 मध्ये चिनी मजूर आले, 1868 मध्ये जपानी, आणि 1885 पासून तर जपानी मजुरांची रीघ लागली. या लोकांबरोबर सोया सॉस आणि तिळाचे तेल हवाईच्या स्वयंपाकघरात शिरले. आज जी चव ‘अस्सल हवाईयन’ म्हणून ओळखली जाते, ती निम्मी या परक्या मजुरांची आहे.

आपले तरी वेगळे काय? कोकणातल्या कालवणातली मिरची पोर्तुगीजांनी आणली. आज तिला परकी कोण म्हणेल?

डंडॉकलाही समुद्र आहे, आणि आयरिश किनाऱ्यावर ‘डिलिस्क’ हे लालसर शेवाळ पूर्वीपासून खातात. हवाईच्या शेवाळाऐवजी ते चालते. सोया सॉस, तिळाचे तेल आणि कांद्याची पात घालावी. वर आपली कोथिंबीर आणि बारीक मिरची. खाली गरम भात.

मोठ्यांची शंका मात्र रास्त आहे. कच्च्या माशात जंत असू शकतात. म्हणून युरोपीय नियमानुसार कच्चा खायचा मासा उणे 20 अंशांवर निदान 24 तास गोठवावा लागतो. घरचा फ्रीझर सहसा उणे 18 च्या आसपास असतो. त्यावर विसंबू नये. कच्चे खाण्यासाठी गोठवलेला मासाच मासेवाल्याकडे विचारून घ्यावा आणि फ्रीजमध्येच सुटू द्यावा. ट्यूना बाहेर राहिला तर त्यात तयार होणारे विष पुढे शिजवूनही जात नाही. गरोदर बायका, लहान मुले आणि वृद्धांना कच्चा मासा देऊ नये.

त्यांच्यासाठी तेच तुकडे तव्यावर नीट परतावेत. मसाला एकच, पंगतही एकच.