कबिला आणि रजई

मराठ्यांच्या अठराव्या शतकातील पत्रव्यवहारात ‘कबिला’ हा शब्द पदोपदी भेटतो. मुळात टोळी किंवा कुल या अर्थाचा हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आमच्या दफ्तरांत आला, आणि तेथे रुळता रुळता त्याला घरची बायकामाणसे व मुलेबाळे असा खास मराठी अर्थ चिकटला. स्वारीवर निघालेल्या शिलेदाराला घोड्याच्या दाण्याची आणि पागेच्या हिशेबाची जितकी काळजी, तितकीच कबिला कोठे ठेवावा याचीही असे. उत्तरेतील मराठी सत्तेचा इतिहास आपण तहनाम्यांवरून, चौथाईच्या आकड्यांवरून आणि रणांगणांच्या नकाशांवरून वाचत आलो. परंतु चंबळेपलीकडे गेलेल्या आमच्या माणसांनी तिकडचा हिवाळा कसा काढला, आणि त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्या मागून गेलेल्या बायकांनी तो कसा काढला, हे समजल्यावाचून तो इतिहास पुरा होत नाही, अशी माझी फार दिवसांची समजूत आहे.

मराठ्यांच्या मुलूखगिरीचे पंचांग दख्खनच्या हवेवर बेतलेले होते. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे, नद्या उतारास आल्या म्हणजे कूच करावे, आणि मृगाच्या आत घरी परतून शेतीभातीकडे पाहावे, हा त्याचा क्रम. कार्तिकापासून माघापर्यंतचे महिने दख्खनच्या पठारावर प्रवासाला सर्वांत सुखाचे: आकाश निरभ्र, ओढ्यांना पाणी, शेतात उभी ज्वारी, आणि रात्री एखादी घोंगडी पांघरली व शेकोटी पेटवली की भागावे एवढीच थंडी. हेच पंचांग घेऊन आमची फौज पुण्याहून दहा-साडेदहा अक्षांश उत्तरेस गेली, तेव्हा त्याने तिला दगा दिला. कारण ज्या महिन्यांत घर सोडावे असे दक्षिणी माणूस पिढ्यान् पिढ्या शिकला होता, नेमक्या त्याच महिन्यांत यमुनाकाठचा माणूस दार लावून घरात बसतो. सकाळचे दोन-दोन प्रहर न उठणारे दाट धुके, पिके करपवणारे गोठलेले दव, आणि हिमालयाकडून येणारा कोरडा, झोंबरा वारा यांची कल्पना वाईच्या किंवा गुहागरच्या माणसाला ऐकून येण्याजोगी नव्हती.

येथे अंथरुणा-पांघरुणाचा विचार जरा बारकाईने केला पाहिजे, कारण माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म तेथेच आहे. दक्षिणी घराचे पांघरूण म्हणजे गोधडी. देशावर तिलाच वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, विटलेली धोतरे, मुलांची फाटकी अंगडी एकावर एक पसरून, कडेकडेने आत येत जाणाऱ्या धावदोऱ्याने ती शिवली जाते. तिला बाजारातून काही आणावे लागत नाही. घरातील माणसांनी वापरून झिजवलेल्या वस्त्रांतूनच ती जन्मते, आणि घडी घालून बैलाच्या पाठीवर टाकली की कोठेही येते. उत्तरेची रजई ही सर्वस्वी निराळी वस्तू. तिला दोन पदरांची नवी खोळ लागते, तीत भरायला शेरांनी मोजलेला कापूस लागतो, आणि तो कापूस पिंजायला पिंजारी लागतो. तातेची ताणलेली कमान ढिगाऱ्यावर धरून तो दांड्याने तिच्यावर ठोके देऊ लागला, की तो खर्जातला टणत्कार गल्लीभर ऐकू जातो, आणि दबून गोळा झालेला कापूस धुरासारखा हलका होऊन उसळू लागतो. एक-दोन हिवाळ्यांत तो पुन्हा दबतो, त्याची ऊब जाते, आणि पिंजाऱ्याला पुन्हा बोलावणे करावे लागते. म्हणजे रजई बाळगायची तर ठरलेले घर पाहिजे, ओळखीचा बाजार पाहिजे आणि दरवर्षी कार्तिकात दाराशी येणारा पिंजारी पाहिजे. सरदारांच्या घरी लेप, दुलया होत्या हे खरे. काश्मिरी शालजोड्याही पुण्याच्या दरबारात येत. पण शालजोडी ही आमच्याकडे मानाची वस्तू होती, थंडीची नव्हती. सामान्य माणूस उत्तरेत गेला तो गोधडी घेऊन. गोधडी प्रवाशाची, रजई रहिवाशाची, एवढा भेद ध्यानात धरला की पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

१७६० च्या मार्चमध्ये पेशव्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीवर परतुराहून उत्तरेकडे निघाले, तेव्हा त्यांच्या लष्करात लढणाऱ्यांपेक्षा न लढणारेच अधिक होते. त्यात बुणगे होते, बाजारकरी होते, आणि मोठ्या संख्येने कबिलेही होते. खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई आणि पेशवेपुत्र विश्वासरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई बरोबर होत्या. याबद्दल भाऊंना दोष देणारे पुष्कळ आहेत. पण त्या काळच्या गृहस्थाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी ही जन्मात एकदा घडावी अशी यात्रा, वाटा चोर-पेंढाऱ्यांच्या, आणि श्रीमंतांच्या फौजेसारखी सोबत पुन्हा कधी मिळणार? वृद्ध आईला यमुनास्नान घडवावे अशी इच्छा धरणाऱ्या मुलाने ही संधी दवडावी, असे म्हणणे सोपे नाही. अठरा-एकोणीस वर्षांचे नाना फडणीस आपल्या आईला आणि पत्नीला घेऊन निघाले, ते याच भावनेने.

भरतपूरच्या सूरजमल जाटाने भाऊंना सल्ला दिला होता की, बायकामुले, जड तोफा आणि अवजड सामान चंबळेच्या अलीकडे ग्वाल्हेर-झांशीस किंवा आपल्या किल्ल्यांत सुरक्षित ठेवावे आणि सडे होऊन गनिमाशी गाठ घालावी. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज या दक्षिणी ब्राह्मणाने आपल्या फारसी वृत्तांतात हे नोंदवून ठेवले आहे. त्या सल्ल्याची चर्चा नेहमी युद्धनीतीच्या अंगाने होते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: सूरजमल त्या मुलखाचा होता. ब्रजाचा हिवाळा त्याला ठाऊक होता. पौषातली रात्र उघड्या मैदानावर, कनाती-राहुट्यांत, लेकुरवाळ्या बायकांनी काढणे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागले नसावे.

ऑगस्टात दिल्ली हाती आली, ऑक्टोबरात कुंजपुरा पडला; पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून फौजेच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला, आणि परतीची वाट मिटली. नोव्हेंबरच्या आरंभापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे उत्तर हिंदुस्थानातील नेमक्या कडाक्याच्या दिवसांत, एवढा मोठा समुदाय पानिपतच्या खंदकाआड कोंडून राहिला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद पुरवणारा हातच तुटला. अन्नाची टंचाई झाली हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु सरपणाचीही तीच गत झाली असली पाहिजे, हे आपण लक्षात घेत नाही. उपाशी शरीराला थंडी दुप्पट लागते. समोरचा अफगाण कातडी पोस्तीन घालणारा, बर्फाच्या मुलखातला. आमचा शिपाई बंडी-मुंडाशातला. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी १७६१ रोजी आमची माणसे पहाटे खंदकाबाहेर पडली, ती भुकेने जितकी जर्जर होती तितकीच गारठ्यानेही.

लढाईत पराभव झाला. त्या रात्रीचे एक चित्र माझ्या मनातून जात नाही. नाना फडणिसांनी आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे, की पळताना बरोबरच्या माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी घोडा सोडला आणि ओळख पटू नये म्हणून अंगावरची वस्त्रेही टाकून दिली. जानेवारीची रात्र, अनोळखी मुलूख, जवळजवळ उघडे अंग आणि ‘आई कोठे आहे’ हा मनातला घोर. पत्नी पुढे सुखरूप भेटली. आई त्या पळापळीत गेली. नाना फडणीस म्हणून पुढे चाळीस वर्षे जो सावध, शीतल, हिशेबी मुत्सद्दी महाराष्ट्राने पाहिला, तो त्या रात्रीतून चालत आला होता.

वाचलेली माणसे मथुरा, डीग, कुम्हेर, भरतपूर या बाजूंना पोहोचली, तेव्हा ज्याचा सल्ला मानला गेला नव्हता त्याच सूरजमलने आणि राणी किशोरीने त्यांना अन्न दिले, औषधपाणी केले आणि पांघरायला दिले. आमच्या इतिहासात उपकारांची नोंद करताना या पांघरुणांचा उल्लेख ठळक अक्षरांत झाला पाहिजे.

यात्रेला म्हणून गेलेल्यांची ही कथा. राहायला म्हणून गेलेल्यांची निराळी. झांशी, सागर, बांदा, उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर या ठिकाणी मामलेदार, फडणीस, पोतनीस, भिक्षुक, वैद्य यांची घरे हळूहळू उभी राहिली. काशीत पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूस दक्षिणी वस्ती होतीच. १८१८ मध्ये पेशवे दुसरे बाजीराव इंग्रजांचा सेनानी मालकम याच्या स्वाधीन झाले आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, राहिले, तेव्हा त्यांच्यामागे पुण्यातील कितीतरी कुटुंबे तेथे गेली. त्यापूर्वी १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो तळ उठलाच नाही, त्याचे शहर झाले, आणि शहराचे नावही ‘लष्कर’ असेच राहिले.

या घरांतील बायकांपुढे जे प्रश्न उभे राहिले, त्यांची नोंद कोणत्याही रुमालात सापडायची नाही. कोकणात पहाटे विहिरीवर स्नान करून ओलेत्याने स्वयंपाकाला लागणे हा अंगवळणी पडलेला आचार. माघात लष्करच्या किंवा ब्रह्मावर्ताच्या चुलीपुढे तोच आचार करणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण. कापसाची रजई सोवळ्यात चालत नाही, पण लोकर आणि रेशीम ही वस्त्रे शास्त्राने मुळातच शुद्ध मानलेली. म्हणून लोकरीच्या धाबळीला या घरांत जे महत्त्व आले, ते दक्षिणेत तिला कधीच नव्हते. धर्म सांभाळून ऊब मिळवण्याची ती एक वाट होती, आणि ती शास्त्रीबुवांपेक्षा घरातल्या सासवांनी शोधली असेल, असे मला वाटते. तांदळाच्या माणसांना गहू आणि बाजरी पचवायला शिकावे लागले. उतरत्या कौलांखाली, उघड्या पडवीत वाढलेल्यांना सपाट गच्चीचे मोल कळले, कारण हिवाळ्यात तेथले दुपारचे ऊन म्हणजे घरातील सर्वांत उबदार खोली. बाळंतिणीची शेगडी, तान्ह्याची कानटोपी, म्हाताऱ्यांच्या सांध्यांचे तेल, सगळ्याचा हिशेब नव्याने मांडावा लागला.

आणि जे मागे राहिले त्यांचे काय? कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेस निघाले, ते घरावरचे कर्ज फेडण्यासाठी. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढीच आशा. वडिलांची परवानगी मोठ्या मिनतवारीने मिळालेली. बंडाच्या वणव्यात सापडून, झांशीचा वेढा आत राहून पाहून, लुटले जाऊन ते परतले, तेव्हा द्रव्य फारसे उरले नव्हते. परंतु आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड त्यांनी खांद्यावरून आणली होती. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेला तो ‘माझा प्रवास’ वाचताना मला लढायांपेक्षा ती कावडच अधिक दिसते.

माझ्या आजीची धाकटी बहीण लष्करात दिलेली होती. लहानपणी एका डिसेंबरात मी तिच्याकडे गेलो होतो. सकाळी गच्चीच्या कठड्यावर खोबरेलाची बाटली उन्हात ठेवलेली होती, आणि आतले तेल तुपासारखे पांढरे, घट्ट झालेले होते. आमच्या गावी मी ते तसे कधी पाहिले नव्हते. मावशीआजी म्हणाली, “मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही वाटलं, तेल नासलं. रडायलाच आलं. सासूबाईंनी बाटली उन्हात ठेवली आणि म्हणाल्या, बाई गं, इथं सगळंच जरा उशिरा वितळतं.” तेवढ्यात खाली गल्लीत टणत्कार झाला. ती कठड्याशी गेली, अस्सल ग्वाल्हेरी हिंदीत पिंजाऱ्याशी भाव केला, आणि मग आत वळून सुनेला मराठीत हाक मारली, की थोरल्या पलंगावरच्या दोन्ही रजया उसवून कापूस खाली आणून ठेव.