फुहाऱ्यावरचा रंगीत कागद

गणपती आठवड्यावर आले की आपल्या प्रत्येक घरात एक प्रश्न निघतोच : यंदा आरास कशाची? एके काळी या प्रश्नाचे उत्तर बडा फुहाऱ्यावर मिळत असे. रंगीत कागद, बेगड, सुतळी, खळीसाठी मैदा आणि चिमूटभर मोरचूद, सगळे एका फेरीत पिशवीत येई. मंडळाने जेव्हा "आपल्या घरांतल्या आराशीचा इतिहास लिहून द्या" असा निरोप धाडला तेव्हा मला आधी हसूच आले. जी वस्तू विसर्जनानंतर माळ्यावर जाते, तिचा कसला इतिहास? पण लिहायला बसलो आणि जाणवले, की या शहरात जे जे आले, रेल्वे, कारखाने, कचेऱ्या, त्यातले काही ना काही आपल्या मखरात येऊन बसले आहे.

मराठी माणूस जबलपुरात प्रथम आला तो राज्यकर्त्यांबरोबर. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला जिंकले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. कागद ही चैनीची वस्तू होती तोवर घरातली आरास पानाफुलांचीच असणार. केळीचे खुंट, आंब्याचे टाळे, झेंडूच्या माळा. कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या डोक्यावर आजही जी माटोळी बांधतात, रानातली फळे, सुपाऱ्यांचे घोस आणि वेली टांगून, ती त्याच जुन्या रीतीची साक्ष आहे. भाद्रपदात रान जे देईल ते देवापुढे. बाजारात जायचे कारणच नाही.

१८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेली जी. आय. पी. रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरात एकमेकींना मिळाल्या आणि मुंबईचा माल थेट आपल्या दारात येऊ लागला. पुढे १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली, १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, आणि देवादिकांची रंगीत चित्रे स्वस्तात मिळू लागली. भिंतीवर रंगीत चित्र लावणे हे तोवर राजेरजवाड्यांचे काम. ते कारकुनाच्या आवाक्यात आले. जुन्या घरांतून गणपतीच्या मागे लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी कलत्या मांडलेल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे सांगायला नको. वर्षभर भिंतीवर असलेलीच चित्रे पुसून पुन्हा मांडायची, म्हणजे खर्च शून्य आणि देखावा भरगच्च. दिव्यांचीही तीच गोष्ट. काचेच्या पेल्यांत रंगीत पाणी, त्यावर बोटभर तेल आणि तरंगती वात. लाल, हिरवा, पिवळा असा उजेड भिंतीवर थरथरत राही.

आरतीला येणाऱ्यांसाठी जी दरी अंथरली जाई तिचाही एक किस्सा आहे. कर्नल स्लीमन यांच्या ठग-बंदोबस्तात माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी १८३७ च्या सुमारास जबलपुरात उद्योगशाळा काढली गेली आणि तिथे दऱ्या, गालिचे आणि तंबू विणले जाऊ लागले. वाटसरूंना फास लावणारे हात धागे विणायला बसले. जबलपूरच्या दरीचे नाव झाले ते तिथून. आपण त्याच परंपरेच्या दरीवर बसून 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हणत होतो, हे मला फार उशिरा कळले.

१९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया, १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी. खडकी, अंबरनाथ, वरणगाव अशा ठिकाणांहून बदली होऊन आलेली मराठी कुटुंबे क्वार्टरांत राहू लागली. दोन खोल्या, सगळ्यांच्या सारख्या, भिंती सरकारी चुन्याच्या. त्यामुळे ज्याचे मखर वेगळे त्याचे घर वेगळे. लिलावात घेतलेल्या खोक्यांच्या फळ्यांतून आधी मुलांचे अभ्यासाचे टेबल व्हायचे आणि भाद्रपदात त्याच टेबलाचे पाय काढून देवाची पायरी. अशी दुहेरी नोकरी करणारी वस्तू त्या घरांतून एक नव्हे, अनेक असत.

स्वस्तातली सजावट म्हणजे गरिबीची खूण नव्हे, हा विचारही त्याच सुमारास देशापुढे आला, आणि तोही मराठी मुलखातून. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले. गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावून घेतले आणि अट घातली, की जे काही उभारायचे ते गावात मिळणाऱ्या वस्तूंतून. बांबू, गवत, चटया, टोपल्या यांतून नंदलालबाबूंनी अधिवेशनाचे नगर सजवले. १९३८ मध्ये हरिपुऱ्याला त्यांनी साध्या कागदावर सुतार, शिंपी, ढोलकेवाले रंगवले, ती चित्रे आज कलेच्या इतिहासात गणली जातात. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, अधिवेशन आपल्या दारात, त्रिपुरीला आले. बावन्नावे अधिवेशन म्हणून मिरवणुकीच्या रथाला बावन्न हत्ती, आणि अध्यक्ष सुभाषबाबू मात्र तापाने अंथरुणावर. फुहाऱ्याजवळचे कमानिया गेट हे त्या अधिवेशनाचे स्मारक. आपण रोज त्याखालून जातो आणि वर पाहत नाही, ते असो.

आता माझ्या घराकडे वळतो, कारण इथून पुढचे मी पाहिलेले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला आले, आणि त्याच्यामागे वकील, कारकून, नकलनवीस, शिरस्तेदार असा एक अख्खा मराठी समाज सामान बांधून निघाला. माझे वडील त्यातलेच एक. दोन ट्रंका, एक वळकटी, तांब्या-पितळेची भांडी, एवढ्यावर संसार. नागपूरच्या वाड्यातले शिसवी मखर थोरल्या काकांकडे राहिले. पहिल्या वर्षी आईने गणपती बसवला तो उलट्या ठेवलेल्या ट्रंकेवर, वर तिचा लग्नातला शालू अंथरून.

नागपूरकडच्या घरांत तीन दिवस महालक्ष्म्या बसतात, आणि काटकसरीची खरी परीक्षा तिथे होते. मुखवटे आणि हात तेवढे पिढीजात, बाकी सारे घरातले. धड म्हणजे गव्हा-तांदळाच्या कोठ्या, त्या नसतील तर डालड्याचे डबे एकावर एक, त्यावर साड्या अशा चोपून नेसवायच्या की निऱ्या हलता कामा नयेत. समोर फराळाची ताटे आणि मुलांची लाकडी खेळणी. शेजारच्या कोकणस्थ काकूंकडे मात्र खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून पाच-सात खडे आणले की झाले. आमच्या आईला ते अपुरे वाटे आणि काकूंना आमचे डबे अति. दोघी एकमेकींच्या आराशीला नावे ठेवत आणि एकमेकींकडे हळदीकुंकवाला सर्वांत आधी जात. जबलपुरात असे शेजार सहज जमले. पुण्यात किंवा नागपुरात ते जमले असते का, मला शंका आहे.

मखराचे म्हणाल तर ते १९५८ पासून आमच्याकडे कागदाचे. कृती सांगून ठेवतो, कारण ती आता कोणी विचारत नाही. बांबूच्या कामट्या रात्रभर भिजवून वाकवायच्या आणि सुतळीने चौकट बांधायची. मैद्याची खळ पातळ शिजवून तीत मोरचूद घालायचे, म्हणजे झुरळे आणि कसर लागत नाही. चौकटीवर जुन्या वर्तमानपत्राचे दोन थर, ते वाळले की घोटीव कागद. त्यावर जाळी. ही जाळी म्हणजे आईची खासियत. पतंगी कागदाचा ताव आठ पदरी दुमडून ती नखाएवढ्या कात्रीने कापत जाई. उलगडला की मोर, कमळे, वेली. आधी वर्तमानपत्रावर नमुना काढून कापून बघायचा, जमला तरच खऱ्या कागदाला कात्री लावायची, कारण ताव वाया जाणे परवडणारे नव्हते. मुलांकडे झिरमिळ्या, वडिलांकडे खळ. उच्च न्यायालयात दिवसभर दुसऱ्यांचे निकाल लिहिणारे माझे वडील रात्री दहा वाजता लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून खळ ढवळत बसत आणि आई त्यांना गुठळ्यांवरून बोल लावी. वर्षातले ते चार दिवसच आम्ही त्यांना ओरडून घेताना पाहिले.

यात सारेच गोड होते असे मी म्हणणार नाही. कात्रीने आईच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. दिवसभराचा स्वयंपाक, सोवळे, पाहुणे आटोपून ती रात्री जाळी कापायला बसे आणि सकाळी लोक मखर बघून वडिलांना शाबासकी देत. तयार सजावट बाजारात आली तेव्हा पहिली सुटका बायकांची झाली, हे आपण पुरुषांनी लिहिताना विसरतो.

सुटका केली थर्मोकोलने. हे मुळात एका कंपनीचे व्यापारी नाव, वस्तू म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन, नाजूक यंत्रांच्या खोक्यांत भरण्यासाठी आलेले. तापलेल्या तारेने लोण्यासारखे कापले जाते, पांढरेशुभ्र दिसते, वजनाला काही नाही. ऐंशीच्या दशकात फुहाऱ्याच्या दुकानांत त्याच्या कमानी, महाल, मोर टांगलेले दिसू लागले. आमच्याकडे १९८७ मध्ये आला तो पहिला महाल. एका रात्रीत काम झाले. आई म्हणाली, "छान आहे," आणि लवकर झोपायला गेली. आम्ही भावंडे मात्र उगाच जागे राहिलो, करायला काही नव्हते.

विसर्जनानंतर तो महाल कुठे टाकावा हे कळेना. कागदाचे मखर पाण्यात विरघळे, कामट्या पुढच्या वर्षी उपयोगी पडत. हा विरघळेना, जाळला तर काळा धूर. तो तीन वर्षे माळ्यावर राहिला. महाराष्ट्राने २०१८ मध्ये थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तू बंद झाल्या, त्या यादीत सजावटीचे थर्मोकोल नाव घेऊन नमूद आहे. म्हणजे कायद्याने आपल्याला पुन्हा कागदाशी आणून सोडले आहे. फक्त मधल्या पस्तीस वर्षांत आठ पदरी ताव दुमडणारे हात थोडे उरले. आपल्या समाजात मला असे चार जण माहीत आहेत, आणि चौघेही ऐंशीच्या पुढचे आहेत.

आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली, तीच, जिच्यावर पहिला गणपती बसला होता. तळाशी वर्तमानपत्रावर कापलेले जाळ्यांचे नमुने निघाले, एकूण एकतीस. कडा पिवळ्या पडल्या आहेत पण मोर शाबूत आहेत. सोबत वडिलांच्या हिशेबाच्या वह्या. दर भाद्रपदाला एकच ओळ : कागद, बेगड, मैदा, सुतळी. कामट्यांचा खर्च पहिल्या वर्षानंतर कुठेच नाही. आणि त्या ओळीखाली, एकही वर्ष न चुकता, 'मुलांना जिलबी'. फुहाऱ्यावरून कागद घेऊन परतताना कमानिया गेटपाशी खव्याची जिलबी मिळे, काळसर, गरम, प्रत्येकी एक, ती ही. बेरीज करून पाहिली. बहुतेक सगळ्या वर्षी जिलबीचा आकडा कागदापेक्षा मोठा आहे.

नमुने मी जाड पुठ्ठ्यांत घालून ठेवले आहेत. ज्यांना त्यावरून उतरवून घ्यायचे असतील त्यांनी हरतालिकेच्या आधीच्या रविवारी दुपारी घरी यावे. कात्री आपापली आणावी, खळ मी शिजवून ठेवीन.