गिरणीची मंदी, गावची पेज

तेरेखोलपलीकडच्या वेंगुर्ले-सावंतवाडीत एकेकाळी अनेक घरे मुंबईच्या मनीऑर्डरीची वाट पाहत. म्हणून मुंबईने कोकण पोसले, असे आपण सहज म्हणतो. मला हा हिशेब अर्धाच वाटतो.

कापडाला उठाव असला की गिरणीत बदली कामगाराला पाळी मिळे; मंदी आली की पहिला तोच दारातून परत फिरे. विसाच्या दशकातल्या मंदीत गिरणीमालकांनी माणसे आणि मजुरी कमी करायला घेतली. त्यातून 1928 चा सहा महिन्यांचा संप झाला. खानावळीची उधारी वाढली, तसे कित्येक कामगार गावी परतले. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपातही अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुन्हा अनेकांना गावचाच आसरा घ्यावा लागला. गावी भातशेती सांभाळणारी बायको होती, म्हातारी आई होती. गिरणीने न दिलेला बेकारभत्ता या बायकांनी पेजेच्या रूपाने दिला.

आपल्या गोंयकारांनी मुंबईत गावागावाची कूड उभारली, तीही याच गरजेतून. बोट मिळेपर्यंत तारवटी तिथे कमी खर्चात राही.

2020 च्या टाळेबंदीत गोव्यातले परप्रांतीय मजूर गावी निघाले, तेव्हा ‘पळाले’ असे म्हणणारे भेटले. ते पळाले नव्हते. शहराने नाकारलेला खर्च उचलणारे दुसरे कोणी त्यांना नव्हते.