चूल घरची, शिसें परक्याचें

मी सोलापूरच्या भवानी पेठेंत राहणारा एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. इतिहास शिकवीत असतांना मुलांना येथील भुईकोट किल्ला दाखवावयास नेत असें. तटांतील जंग्या पाहून एखादा मुलगा हटकून विचारी, "गुरुजी, इतक्या गोळ्या आणीत तरी कोठून?" त्या प्रश्नाचें उत्तर आज देण्याचें योजिलें आहे.

तोफेचे गोळे बहुधा लोखंडाचे असत; बंदुकीची गोळी मात्र शिशाची. लोखंड वितळावयास १,५३८ अंश उष्णता लागते, शिसें ३२७ अंशांवरच पातळ होतें. त्यामुळें कारखान्यावांचून, साध्या निखाऱ्यांवर पळी ठेवून, सांच्यांत गोळी ओतितां येई. शिवाय शिसें लोखंडाच्या जवळ जवळ दीडपट जड, आणि मऊ असल्यानें नळीस इजा न करणारें.

मग अडचण कोठें होती? ती मूळ धातूंतच होती. आपल्या दख्खनचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा. त्यांत शिशाची खाण नाहीं. राजस्थानांत जावर येथें प्राचीन खाणी होत्या, परंतु त्या दूर. युरोपीय कंपन्यांच्या गलबतांतून मात्र शिसें बंदरोबंदरीं उतरत असे. शिवाजीमहाराजांनीं फ्रेंचांकडून तोफा व शिसें घेतल्याचे उल्लेख इंग्रजांच्या जुन्या लिखाणांत आढळतात. म्हणजे गोळी ओतणारी चूल घरची, पण शिसें परक्याचें. आणि आज विकणारा उद्यां वैरी होणार नाहीं, याची हमी कोणीं द्यावी?

पुढें १० मे १८१८ रोजीं जनरल मन्रो यानें सोलापूरची पेठ घेतली, पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार गणपतराव पानसे यांच्या फौजेचा मोड झाला, आणि थोड्याच दिवसांत किल्लाही पडला. केवळ शिशावांचून हें घडलें, असें मी म्हणत नाहीं. पराभवाचीं कारणें अनेक होतीं. परंतु परावलंबन त्यांपैकीं एक होतें.

यानंतर चूलही हातची गेली. गुळगुळीत नळीच्या बंदुकीस बाजारचें कसलेंही स्वस्त शिसें चाले. आंटे पाडलेली रायफल आली, तेव्हां निवड करणें भाग पडलें. १८४९ साली फ्रान्सांत मिनिए यानें काढलेली गोळी बुडाशीं पोकळ असे. ती फुगून आंट्यांत बसावी म्हणून शुद्ध, मऊ शिसेंच हवें असे. १८८० नंतर बिनधुराची दारू आली. तिच्या वेगापुढें मऊ शिसें आंट्यांत माखूं लागलें. म्हणून कथील व अँटिमनी मिसळून कठीण केलेलें शिसें लागे. कथील महाग, अँटिमनी त्या मानानें स्वस्त. पण तिनें गोळी ठिसूळ होते. अखेर तांब्याचें कवच चढलें, आणि गोळी कारखान्याची झाली. तत्पूर्वींच १८७८ च्या कायद्यानें परवान्यावांचून हत्यार बाळगणें बंद झालें होतें.

त्या मुलास मी सांगे, "बाळ, गोळी घरांत होई, पण शिसें बंदरांतून येई. म्हणून इतिहास वाचतांना किल्ल्याबरोबर बंदरही पाहावें."